लिथियमला ऊन कळतं, साहेब

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
नागपूर.
(रुग्णालयाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आपल्याला ते कळेल, आणि त्या रांगेत जे उभे राहतात त्यांनाही.)

विषय: लिथियमची रक्ततपासणी बंद केल्याबद्दल आणि औषधाची खिडकी फक्त बुधवारी उघडत असल्याबद्दल.

माननीय साहेब,
सविनय नमस्कार.

आपल्या मानसोपचार ओपीडीच्या मागच्या अंगाला औषधाची जी खिडकी आहे, तिच्या काचेवर मार्चअखेरीला एक कागद चिकटला. तीन ओळी आहेत. लिथियम लेव्हल तपासणी पुढील आदेशापर्यंत बंद, बाहेरून करून आणावी. औषधे यापुढे १५ दिवसांचीच मिळतील. वितरण फक्त बुधवारी, १० ते १. खाली सही आहे, ती वाचता येत नाही. तारीख नाही, जावक क्रमांक नाही. मी ३१ वर्षं माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवलं. असा कागद एखाद्या मुलानं प्रयोगवहीत लावून आणला असता, तर मी वही परत दिली असती.

एप्रिलमध्ये मी आपल्याला अर्ज दिला. मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुसरा दिला. दोन्हींवर आवकचा शिक्का आहे, उत्तर एकाचंही नाही. येत्या २५ तारखेला नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, लागतो, म्हणून आता चारचौघांत लिहिते आहे.

माझा धाकटा भाऊ २८ वर्षांपासून लिथियम घेतो. त्याला बायपोलर आजार आहे. त्याचं नाव इथे घालत नाही; त्याला लाज वाटते म्हणून नव्हे, त्याच्या मुलीचं लग्न जुळवणं चाललं आहे म्हणून. मधुमेहाचा बाप आपल्याकडे चालतो, हा चालत नाही.

१९९६ च्या फाल्गुनात तो १९ वर्षांचा होता, पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला. पाच-सहा रात्री झोपला नव्हता आणि तरी दमला नव्हता. बाबा एम्प्रेस मिलमध्ये. त्यांच्या पगाराचं पाकीट उचलून हा संत्र्यांची अख्खी हातगाडी विकत घेऊन आला आणि बर्डीवर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट संत्री वाटू लागला. सोबत भाषण. नाग नदीतून पुन्हा होड्या चालवायच्या, त्याचा नकाशा त्याच्या डोक्यात तयार होता. लोक हसले, संत्री घेतली, गेले. बाबांनी त्याला घरी आणलं तेव्हा त्यानं आयुष्यात पहिल्यांदा बाबांवर हात उगारला. उगारून स्वतःच घाबरला.

याला मॅनिया म्हणतात. आनंद फार झाला की माणूस असा होतो, असं लोकांना वाटतं. आनंदाचा त्यात फार थोडा भाग असतो. झोपेची गरजच संपते, विचार एकमेकांच्या अंगावर चढतात, कपाळामागचा जो भाग एरवी ‘आता पुरे’ म्हणतो तो ऐकेनासा होतो, आणि हवंहवंसं वाटण्याची यंत्रणा मोकाट सुटते. मग एक दिवस सगळं उतरतं. त्याच वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबती, म्हणजे रोगराई सोबत नेणारे म्हणतात ते पुतळे, मिरवणुकीनं निघाल्या तेव्हा आमचा हा मुलगा भिंतीकडे तोंड करून पडला होता. दोन महिने झाले होते, आंघोळीला उठवावं लागायचं. आई महालात जाऊन गर्दीत उभी राहिली आणि काळी मारबत समोरून जाताना सगळ्यांबरोबर ओरडली, ‘रोगराई घेऊन जा गे मारबत!’ घरी येईपर्यंत तिचा घसा बसला होता. मी तेव्हा नवी मास्तरीण होते, विज्ञानाची. मला राग आला होता. आता येत नाही.

ती त्याला ताजबागला, ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्यालाही घेऊन गेली. त्यावरही मी हसत नाही. ताजुद्दीन बाबांना इंग्रजांच्या काळात, १८९२ साली, याच शहरातल्या पागलखान्यात ठेवलं होतं, आणि सुमारे सोळा वर्षांनी रघुजीराव भोसल्यांनी त्यांना तिथून सोडवून आणलं. पागलखान्यातून बाहेर आलेल्या माणसाला नागपूरनं डोक्यावर घेतलं. तेच नागपूर आजही ऑटोवाल्याला ‘पागलखाना चौक’ सांगितल्याशिवाय छिंदवाडा रोडला उतरत नाही. (गैरसमज नको. माझी तक्रार तिथल्या रुग्णालयाची नाही.)

१९९७ मध्ये लिथियम सुरू झालं. त्यानंतर २८ वर्षांत तो दोनदाच दाखल झाला, दोन्ही वेळा गोळ्या सोडल्यामुळे. झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान चालवतो, हिशेब माझ्यापेक्षा चोख ठेवतो. हात थोडे थरथरतात, त्यामुळे चहाचा कप अर्धाच भरून मागतो. आमच्या घरात औषधाची किंमत एवढीच मोजली गेली.

आता थोडा वर्ग घेते. आपल्याला हे सगळं माहीत आहे, साहेब. कागद ज्यांनी लिहिला त्यांना ते माहीत होतं असं वाटत नाही, आणि रांगेतल्यांना ते कुणी सांगितलेलं नाही.

आवर्तसारणीचा पहिला उभा स्तंभ: हायड्रोजन, लिथियम, सोडियम, पोटॅशियम. मी मुलांना सांगायची, एका स्तंभातली मूलद्रव्यं म्हणजे चुलत भावंडं, नाकडोळे सारखे. लिथियम तिसऱ्या क्रमांकाचं, धातूंमध्ये सगळ्यात हलकं, तुमच्या मोबाइलच्या बॅटरीत असतं तेच. सोडियम म्हणजे आपल्या मिठातलं. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात ते सोडियमला आत-बाहेर सोडणाऱ्या दारांच्या जोरावर. त्याच दारांनी लिथियमही आत शिरतं आणि पेशीतल्या काही विकरांचा वेग कमी करतं. त्यातून मूड नेमका कसा सावरतो याचा शेवटचा दुवा विज्ञानाच्या हाती अजून लागलेला नाही. सावरतो हे मात्र ७० वर्षांहून अधिक काळ दिसतं आहे. ‘मेंदूत एक केमिकल कमी पडतं, ते गोळीनं भरून काढतात’ ही गोष्ट सोपी आहे, म्हणून सगळे सांगतात. लिथियमला ती लागूच पडत नाही. कुणाच्या मेंदूत लिथियम ‘कमी’ पडलेलं नसतं.

या चुलत नात्यात फसते ती किडनी. रक्त गाळताना सोडियम आणि लिथियम दोन्ही खाली उतरतात. मग शरीराला हवं तेवढं मीठ-पाणी किडनी परत उचलून घेते. घाम फार गेला, जुलाब झाले, पाणी कमी प्यायलं, की ती सोडियम अधिक जोरानं परत ओढते आणि त्याच्या जोडीला लिथियमही ओढून घेते. गोळ्या तेवढ्याच असतात. रक्तातलं लिथियम चढत जातं.

हे चढणं परवडणारं नसतं. रक्तात लिटरमागे साधारण ०.६ ते १ मिलिमोल लिथियम असावं लागतं. त्याखाली आजार डोकं काढतो. १.५ च्या वर विषाची लक्षणं दिसू लागतात, २ च्या वर जिवाशी खेळ. सावरणारी मात्रा आणि पाडणारी मात्रा यांच्यात एवढंच अंतर, आणि ते डोळ्यांनी दिसत नाही. रक्त तपासल्यावरच कळतं. तेही शेवटची गोळी घेऊन बारा तास झाल्यावर, म्हणजे सकाळी, गोळी न घेता. ‘बाहेरून करून आणावी’ म्हणताना हे कुणी सांगितलं? आमच्या वस्तीतल्या लॅबचा मुलगा दुपारी दोनला सुई घेऊन आला. गोळी कधी घेतली, हे त्यानं विचारलंही नाही.

आता नागपूर. इथे मेमध्ये पारा ४५ च्या पुढे गेला तर पेपरात आतल्या पानावर बातमी येते. २०२४ च्या मेमध्ये एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले, देशभर गाजावाजा झाला. मग हवामान खात्यानं यंत्र तपासलं आणि सेन्सर बिघडलाय असं सांगितलं. आकडा संशयाचा वाटला की यंत्र तपासायचं, हे हवेच्या बाबतीत आपल्याला पटतं.

आणि रांगेत फक्त लिथियमवालेच नसतात. स्किझोफ्रेनियासाठी दिल्या जाणाऱ्या अनेक गोळ्या मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसच्या कामात ढवळाढवळ करतात. शरीराचं तापमान सांभाळणारं केंद्र तिथेच आहे. त्या गोळ्यांनी अंग आखडू नये म्हणून सोबत जी ट्रायहेक्सिफेनिडिल देतात, तिनं घाम कमी येतो. म्हणजे शहरातल्या ज्या माणसांच्या अंगाला ऊन सोसण्याची ताकद सगळ्यात कमी, नेमकी तीच माणसं आपण मेच्या बुधवारी, दहा ते एक, फाटक्या टिनाच्या शेडखाली ओळीनं उभी केली आहेत. हे कुणी मुद्दाम केलेलं नाही, हे मला कळतं. मुद्दाम केलं असतं तर निदान कुणीतरी विचार केला होता असं तरी म्हणता आलं असतं.

या औषधाचा इतिहासही थोडक्यात सांगते. जॉन केड हा ऑस्ट्रेलियन डॉक्टर, दुसऱ्या महायुद्धात तीन वर्षांहून अधिक काळ सिंगापूरच्या चांगी छावणीत जपान्यांचा युद्धकैदी होता. सुटून आल्यावर मेलबर्नजवळच्या एका मनोरुग्णालयात, सामान ठेवायच्या खोलीत त्यानं गिनीपिगवर प्रयोग केले. लिथियम आधी स्वतः घेऊन पाहिलं, मग रुग्णांना दिलं. १९४९ मध्ये त्याचा निबंध छापून आला. पहिला रुग्ण कित्येक वर्षं उन्मादात असलेला. तो बरा होऊन घरी गेला, कामाला लागला. ही गोष्ट इथेच थांबवून सांगायची पद्धत आहे. पुढचं असं आहे: त्यानं औषध सोडलं, आजार उलटला, लिथियम पुन्हा सुरू झालं आणि १९५० मध्ये तो लिथियमच्या विषबाधेनं गेला. रक्तातलं लिथियम मोजून मात्रा ठरवण्याची रीत तेव्हा बसलेलीच नव्हती. ती पुढे मेलबर्नमधल्याच संशोधकांनी बसवली, म्हणून हे औषध जगात टिकलं. अमेरिकेनं त्याला मान्यता दिली तीही १९७० मध्ये. तपासणी काढून घेतली की उरतं ते १९५० सालचं औषध, साहेब.

आणि आता यंदाचं.

एप्रिलच्या शेवटी खिडकीवर भावाला नेहमीच्या ४०० च्या सावकाश विरघळणाऱ्या दोन गोळ्यांऐवजी ३०० च्या साध्या गोळ्या मिळाल्या. ‘तीन घ्या, एकच आहे,’ असं आतून सांगण्यात आलं. ८०० चे ९०० झाले, शिवाय गोळी रक्तात उतरण्याची गती बदलली. केसपेपरवर कुणी काही लिहिलं नाही. मात्रा बदलली की आठवडाभरानं लेव्हल बघायची असते. लेव्हल बंद. मी विचारलं तर खिडकीमागचा मुलगा म्हणाला, ‘ताई, मशीनची एएमसी संपली. वरूनच आदेश आहे. मी काय करून राहिलो याच्यात?’ एएमसी म्हणजे मशीनच्या देखभालीचा वार्षिक करार. त्याचं बरोबर होतं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात भावाची दाढ ठणकू लागली. घरात डायक्लोफेनॅक होती. ती मी दिली. हे मी लपवणार नाही. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या किडनीतून लिथियम बाहेर पडणं मंदावतात, हे मी २८ वर्षांत कुठेतरी वाचलेलं होतं आणि त्या रात्री आठवलं नाही. दोन दिवसांनी त्याला जुलाब लागले, बहुधा लिथियम चढल्याचंच ते पहिलं लक्षण असावं. आम्ही ऊन बाधलं समजलो. तिसरा दिवस बुधवार होता. न जावं तर पुढचा बुधवार आठ दिवसांनी, गोळ्या उरल्या होत्या दोन दिवसांच्या. तो गेला.

साडेबाराच्या सुमारास मला एका अनोळखी बाईंचा फोन आला, त्याच्याच मोबाइलवरून. मी पोहोचले तेव्हा तो शेडच्या खांबाला धरून बसला होता. हातांची नेहमीची बारीक थरथर नव्हती, सगळा हातच हलत होता. जीभ जड. उभा राहिला की झोकांड्या. पहारेकरी मला म्हणाला, ‘ह्याले घेऊन जा बाई, सकाळीच लावून आला वाटते.’ माझा भाऊ २८ वर्षांत दारूच्या थेंबाला शिवलेला नाही. उमरेडहून आलेल्या त्या बाईंनी स्वतःच्या बाटलीतलं पाणी त्याच्या डोक्यावर ओतलं होतं. परतीच्या एसटीत प्यायला त्यांच्याजवळ काही उरलं नव्हतं, आणि तिथे भरून घ्यायला नळ नव्हता. त्यांची मुलगी रांगेत होती, म्हणून त्या आमच्याबरोबर फाटकापर्यंतही येऊ शकल्या नाहीत.

खासगी दवाखान्यात लेव्हल आली २.१. सहा दिवस सलाईन, रोज रक्त. किडनी वाचली. शुद्धीवर नीट आल्यावर त्यानं बिलाचं विचारलं नाही. म्हणाला, ‘ताई, लिथियम बंद तर नाही ना करणार? मला परत संत्री नाही वाटायची.’

यातल्या कुठल्या एकाच गोष्टीमुळे हे झालं असं मी म्हणत नाही. बदललेली गोळी, माझं डायक्लोफेनॅक, जुलाब, ऊन, सगळं एकावर एक चढलं. पण आठवडाभरानं एक रक्ततपासणी झाली असती तर लेव्हल चढते आहे हे आधीच दिसलं असतं.

कोणी म्हणेल, इतकं नाजूक औषध आहे तर दुसरं द्या. दुसरी आहेत, काहींना ती अधिक मानवतातही, आणि तो निर्णय डॉक्टरांचा. पण ज्याला लिथियमनं २८ वर्षं उभं ठेवलं त्याचं औषध मशीनची एएमसी संपली म्हणून बदलायचं नसतं. बायपोलर आजारात आत्महत्येचा धोका कमी करण्याचा लिथियमइतका भक्कम पुरावा दुसऱ्या औषधाजवळ नाही. ते स्वस्त आहे. मूलद्रव्याचं पेटंट कुणाला घेता येत नाही, म्हणून त्याचे एमआर, म्हणजे औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, बॅगा घेऊन डॉक्टरांच्या दाराशी बसत नाहीत. त्याची बाजू मांडायला माझ्यासारख्या रिटायर्ड मास्तरणीच उरतात.

बाकीच्या तक्रारी लवकर उरकते.

१५ दिवसांच्या गोळ्या. रामटेक, उमरेड, काटोलहून येणाऱ्याची दर खेपेला एक रोजी बुडते, सोबत्याची धरून दोन. पूर्वी महिन्यातून एकदा बुडायची. बुधवारी सरकारी सुट्टी आली की काय करायचं हे कागदावर नाही. खिडकीवर विचारलं तर ‘पुढच्या बुधवारी’. मधले सात दिवस? लिथियम एकदम थांबलं की मॅनिया उसळून येऊ शकतो.

खिडकीवरून नावं पुकारतात. कधी नुसतं ‘मेंटलवाले इकडे या’. आमच्या गल्लीतला एक जण दातांच्या ओपीडीला आला होता, त्यानं ऐकलं. पुढचं सांगत नाही.

शेड आणि पाणी: वर आलं आहे.

आपल्या विभागातल्या डॉक्टरांविरुद्ध माझी एका शब्दाची तक्रार नाही. निवासी डॉक्टर मुलगी सकाळपासून मान वर न करता केसपेपर लिहीत असते, आणि तरी माझ्या भावाला झोप किती लागते हे तीच विचारते. तिला लेव्हल हवी असते. ती चिठ्ठीवर लिहिते, आणि ती चिठ्ठी काचेवरच्या कागदाला जाऊन धडकते.

पैशाचं कारण पुढे येईल हे धरून चालते. म्हणून कायदा. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. कलम १८ प्रमाणे सरकारी सेवेतून मानसोपचार मिळणं हा हक्क आहे, आणि अत्यावश्यक औषधांच्या यादीतली औषधं सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या सरकारी दवाखान्यांत मोफत आणि सदैव उपलब्ध असली पाहिजेत. ‘सदैव’ यात गुरुवार येतो. लिथियम देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. कलम २१ म्हणतं, शरीराच्या आजाराच्या रुग्णाला जी वागणूक तीच मनाच्या आजाराच्या रुग्णाला. मधुमेहाच्या ओपीडीत साखर तपासणं बंद, बाहेरून करून आणा, असा कागद लावायची कुणाची छाती होईल का? कलम २३ गोपनीयतेचं आहे, ते पुकारणाऱ्यांना वाचून दाखवावं. कलम २८ खाली सेवेतल्या उणिवेची तक्रार आधी संस्थेच्या प्रमुखांकडे करायची असते, तिथे समाधान झालं नाही तर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे. हे पत्र पहिल्या पायरीचं समजावं. धमकी नाही, कायद्यातला क्रम आहे.

एक आकडा देते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बायपोलर आजार असलेल्यांपैकी सुमारे ७० टक्के लोक उपचाराच्या बाहेर आढळले होते. आपल्या खिडकीसमोर उभे राहतात ते उरलेल्या तिसातले. जे आलेत त्यांना तरी परत पाठवू नका.

मागण्या अशा:

१. लिथियम लेव्हल १५ दिवसांत सुरू करावी. मशीन दुरुस्त होईपर्यंत रक्त इथेच घेऊन नमुने दुसऱ्या सरकारी प्रयोगशाळेत पाठवावेत. नेण्या-आणण्याचं काम रुग्णालयाचं, रुग्णाचं नाही. किडनी आणि थायरॉइडच्या तपासण्याही त्याच्याच जोडीनं व्हाव्यात.

२. गोळ्या पूर्ववत ३० दिवसांच्या. खिडकी आठवड्यात किमान दोन दिवस. सुट्टी आली तर दुसऱ्या दिवशी.

३. गोळीचा प्रकार किंवा मात्रा बदलली तर डॉक्टरांनी केसपेपरवर तसं लिहावं आणि पुढच्या रक्ततपासणीची तारीख घालावी. खिडकीवरून मात्रा ठरवणं बंद.

४. १५ मार्च ते १५ जून खिडकी सकाळी आठला उघडावी. शेड दुरुस्त, दोन बाकं, पिण्याचं पाणी. महापालिकेच्या उष्माघात कृती आराखड्यात मानसोपचाराच्या गोळ्या घेणाऱ्यांचा वेगळा विचार व्हावा, यासाठी आपण स्वतः पत्र द्यावं. आपल्या पत्राला वजन आहे, माझ्या नाही.

५. लिथियम घेणाऱ्या प्रत्येकाला खिशात मावेल असं कार्ड, मराठीत आणि हिंदीत. एवढंच लिहा: पाणी आणि नेहमीचं मीठ तोडू नका, कडक उपास नको. दुखण्यावरची, बीपीची किंवा लघवीची नवी गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. जुलाब, उलट्या, हाताची मोठी थरथर, बोबडी वळणं, तोल जाणं, गुंगी यांपैकी काही दिसलं तर पुढची गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. स्वतःच्या मनानं औषध कायमचं सोडू नका. असं कार्ड माझ्या फ्रीजवर असतं तर ती डायक्लोफेनॅकची पट्टी मी डब्यात परत ठेवली असती.

६. नावाऐवजी टोकन नंबर पुकारावा. याला पैसे लागत नाहीत.

या सहांचं लेखी उत्तर, तारीख आणि जावक क्रमांकासह, १५ दिवसांत मिळावं.

टिनाचं टेंडर नवतपाच्या आधी निघणार नाही हे मला कळतं. मीही सरकारी अनुदानावरच्या शाळेत आयुष्य काढलं. म्हणून येत्या बुधवारी साडेनऊला मी येते आहे. कुंभाराकडून दोन मोठे माठ आणि तिवया घेऊन ठेवल्या आहेत, वाळा घातला आहे, पाणी भरायला माझे दोन जुने विद्यार्थी आहेत. खिडकीच्या डावीकडे कडुनिंब आहे, त्याच्याखाली सध्या रुग्णालयाची मोडकी स्ट्रेचरं पडली आहेत. तेवढी मंगळवारी संध्याकाळपर्यंत हलवायला सांगाल का?

आपली,
एका रुग्णाची मोठी बहीण
सक्करदरा, नागपूर